सावली दक्षिणेला पडली होती

नऊ वर्षांपूर्वी, चोवीस जूनला, उज्जैनच्या एका हिंदी दैनिकाच्या तिसऱ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट छापून आली. मथळा होता 'भूल-सुधार'. चुकीच्या बातमीची दुरुस्ती आमच्याकडे याच नावाने छापतात. त्या चौकटीने ज्या बातमीला चूक म्हटलं होतं, ती बातमी खरी होती. खोटी होती ती दुरुस्ती. बातमी मी लिहिली होती आणि दुरुस्तीही मीच लिहिली होती.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. संपादकांनी विचारलं नाही, म्हणून त्यांना सांगितलं नाही. बायकोने विचारलं होतं — तिलाही नाही सांगितलं. आणि ती चौकट तिच्याबद्दलच होती.

क्रमाने सांगतो. मला दुसऱ्या तऱ्हेने सांगता येत नाही.

एकवीस जून ही उज्जैनच्या बातमीदाराची ठरलेली बातमी. त्या दिवशी दुपारी बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी शहरात सावली नाहीशी होते, असं मानतात. शाळेची मुलं जमतात, लोक आपल्या पायांशी बघतात, फोटो निघतात. मजकूर सकाळीच तयार असायचा. 'परछाई ने छोड़ा साथ' हा मथळा माझा. किती वर्षं चालला ते आता आठवत नाही. ढग आले तर शेवटी एक वाक्य जोडायचं, 'बादलों ने डाली बाधा', की काम संपलं. माझे पूर्वज शिंद्यांच्या दप्तरात लिहायला होते. घरात गंमत चालायची की आमच्याकडे सांगतील ते लिहायची सवय पिढीजात आहे. मीही हसायचो.

सुलभा — माझी बायको — तेव्हा फ्रीगंज भागातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायची. माहेर इंदूरचं, त्यामुळे उज्जैनच्या कुठल्याही गोष्टीचं तिला उगाच कौतुक नव्हतं. दर वर्षी त्या सकाळी पोह्यांवर शेव घालता घालता ती विचारायची, “मग, यंदा किती वाजता रजेवर जातेय सावली?”

“बारा अठ्ठावीस.”

“परत कामावर रुजू झाली की कळवा. कारण आपल्या गावात ती रजा घेतच नाही.”

तिचं म्हणणं साधं होतं. कर्करेषा उज्जैनवरून जात नाही. ती उत्तरेला, महिदपूरच्या बाजूने जाते. म्हणून एकवीस जूनला सूर्य आपल्या डोक्यावर येऊन थांबत नाही, किंचित उत्तरेला सरकतो, आणि सावली, नखभर का होईना, दक्षिणेला पडते. नेमका डोक्यावर तो आठवडाभर आधी येतो, आणि परतताना आठवडाभर नंतर. जाड खांबाची ती नखभर सावली खांबाच्या बुडाशी दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं ती गेली.

त्या वर्षी तिने हे मुलांना दाखवायचं ठरवलं. शाळेच्या तीन मजली जिन्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत मोकळी जागा होती आणि वर पत्रा. पत्र्याला भोक पाडायला परवानगी हवी होती. प्राचार्य अनिता चौहान म्हणजे तिची मैत्रीण. मधल्या सुट्टीत दोघी एकाच डब्यात जेवायच्या. त्यांनी परवानगी दिली. “छेद छोटा रखना सुलभा। बारिश में टपका, तो बाल्टी तुम लगाओगी।” एवढीच अट.

मी तिथे होतो. बातमीसाठी गेलो होतो, पण मला कामाला लावलं. वरच्या भोकातून गवंड्याचा ओळंबा सोडला होता. दोरीला बांधलेलं ते वजन झुलायचं थांबलं की त्याच्या टोकाखाली फरशीवर खडूने फुली करायची होती. मुलं जिन्यात गर्दी करून हसत होती, दोरी हलत होती. ओळंबा मी स्थिर केला. फुली मी काढली. हे नीट लक्षात ठेवा.

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. दोरी वर ओढून घेतली आणि भोकातून ऊन आलं. फरशीवर वाटीएवढा सूर्याचा गोल उमटला. तो हळूहळू सरकत फुलीकडे आला, आणि फुलीवर न येता तिच्या दक्षिणेने पुढे निघून गेला. फुली गोलाच्या अगदी कडेला राहिली. मग एक मुलगी म्हणाली, “मैडम, निशाना चूक गया।”

“निशाना नहीं चूका बेटा,” सुलभा म्हणाली, “शहर चूका है।”

सगळे हसले. अनिता मॅडमही हसल्या. मी ते वाक्य टिपून घेतलं — चांगलं वाक्य सोडायचं नाही, ही आमच्या धंद्याची पहिली शिकवण. बावीस तारखेच्या अंकात बातमी आली. मथळ्यात सुलभाचं वाक्य होतं.

आता ज्या भागाला मी नऊ वर्षं वळसा घालत आलो, तो भाग.

शहरात कर्करेषेच्या नावाने एक स्तंभ उभारायचं एका समितीने ठरवलं होतं. जागा मिळाली होती, भूमिपूजनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. तेवीस तारखेला संध्याकाळी समितीचे चौघे जण आमच्या कचेरीत आले. बोलले ते फक्त अध्यक्ष. ते वकील होते, सगळं गाव त्यांना वकीलसाहेब म्हणायचं. आवाज चढवला नाही. चहा घेतला. बातमीचं कात्रण समोर ठेवलं.

“आपने लिखा है, शहर चूका है।”

मी म्हटलं, “जैसा कहा गया, वैसा लिखा है।”

“हम भी वही कह रहे हैं। जिसने कहा, वही कह दे कि कहने में भूल हुई। घर की ही तो बात है आपकी।” बशी बाजूला सरकवून ते पुढे म्हणाले, “नहीं तो कल लोग स्कूल जाएँगे। माताएँ-बहनें भी जाएँगी। बच्चों के सामने अच्छा नहीं लगेगा।”

ते गेले. संपादक माझ्याहून वयाने लहान होते आणि माणूस सरळ होता. त्यांच्यावर काही ढकलता आलं असतं तर मी ते केव्हाच ढकललं असतं. ते म्हणाले, “भाई साहब, खबर पर खड़े रहना हो तो मैं भी खड़ा हूँ। सुधार देना हो तो मैडम से बात करके दे दीजिए। आप तय कीजिए।”

म्हणजे मला कुणी भाग पाडलं नाही. हे तुम्हाला ऐकायला विचित्र वाटेल — पण मी अडकलो तो इथेच, दोन्ही दारं उघडी असताना.

टेबलावर फोन होता. घरी सुलभा होती. तिला विचारायचं एवढंच होतं, तू माघार घेतेस का? मी फोन का केला नाही? तिचं उत्तर मला माहीत नव्हतं म्हणून? नाही. माहीत होतं म्हणून. ती नाही म्हणाली असती, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी तिच्या शेजारी मला उभं राहावं लागलं असतं. ज्या गावात रोज बातमीसाठी फिरायचं, त्या गावासमोर.

मी चौकट लिहिली. लिहायला वेळ लागला नाही. भूल-सुधाराची भाषा ठरलेली असते. संबंधित शिक्षिकेचं विधान हा त्यांचा वैयक्तिक अंदाज होता. तो प्रयोगातील त्रुटीवर आधारित होता. त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला आहे.

प्रयोगातली त्रुटी. ओळंबा मी धरला होता.

आणि एक गोष्ट राहिली — मजकूर कुठून आला ते लिहावं लागतं. दुरुस्ती कुणाच्या तरी सांगण्यावरून होते. माझा हात आपोआप चालला आणि चौकट सुरू झाली ती या शब्दांनी, 'विद्यालय से प्राप्त विज्ञप्ति के अनुसार'. शाळेने कसलंही पत्रक पाठवलं नव्हतं. नुसतं 'हमें खेद है' एवढ्या तीन शब्दांनी काम भागलं असतं. मी त्यात अनिता चौहान यांना ओढलं, आणि तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही. खरंच आलं नाही? — आलं असेल. नक्की सांगता येत नाही, म्हणून इथे तसंच लिहितो.

सकाळी सुलभाने पेपर उघडला. तिसऱ्या पानावर ती थांबली. तिने ती चौकट दोनदा वाचली, हे मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं.

“मी कधी खेद व्यक्त केला?”

मी चहाचा कप विसळायला घेतला.

“अहो, हे दिलं कुणी?”

मी म्हणालो, “मी काल लवकर निघालो होतो. रात्रपाळीत लागलं असेल. शाळेकडून आलं असेल.”

एवढंच. तीन लहान वाक्यं. पहिलं खोटं, बाकीची 'असेल'. आमच्या धंद्यात खात्री नसली की 'बताया जाता है' लिहितात. घरी मी 'असेल' वापरलं.

ती शाळेत गेली. फाटकाशी कुणी आलं नव्हतं. वकीलसाहेबांनी शब्द पाळला. अनिता मॅडमनी तिला सांगितलं, “मैंने कुछ नहीं भेजा, सुलभा। तुम्हारी कसम।” सुलभाने विश्वास ठेवला नाही. का ठेवेल? पेपरात विज्ञप्ती छापली होती, आणि त्या पेपरात तिचा नवरा काम करत होता. नवरा खोटं बोलेल आणि मैत्रीण खरं, असं कुठल्या बाईला वाटेल?

तिने पुन्हा कधी तो डबा उघडला नाही. वर्गात मुलं विचारायची, “मैडम, आपने माफी माँग ली?” दिवाळीच्या सुट्टीआधी तिने राजीनामा दिला. राजीनाम्यात तिने काय लिहिलं ते मला माहीत आहे, कारण तिने मला वाचायला दिला — “तुम्ही भाषा बघा, तुमची चांगली आहे.” मी त्यात एक शब्द सुधारला.

मधे एकदा अनिता मॅडम घरी आल्या होत्या. सुलभा आतून बाहेर आली नाही. त्या माझ्यासमोर बसल्या, पाणी प्यायल्या. म्हणाल्या, “भाई साहब, आप तो अख़बार में हैं। इतना तो पता कर सकते हैं कि वो विज्ञप्ति आई कहाँ से।”

मी म्हणालो, “पता करता हूँ।”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग पदर सावरून उठल्या. त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. पण त्यांनी आतल्या खोलीकडे आवाज टाकून काही सांगितलं नाही. त्या दाराशी थांबल्या, चपला घातल्या, गेल्या. एका मैत्रिणीचं घर मोडू नये म्हणून तिची मैत्री सोडून देणं — असं कुणी करतं? हा माझा तर्क आहे. त्याला पुरावा नाही.

राजीनाम्याच्या आधी, त्याच वर्षीच्या गणपतीत, आमच्या इथल्या मराठी मंडळींनी सुलभाला भाषणाला बोलावलं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. ती एका जुन्या ज्योतिर्विदाबद्दल बोलली — पाटण्याकडचा, पंधराशे वर्षांपूर्वीचा. त्याने लिहिलं होतं की तारे फिरत नाहीत, पृथ्वी फिरते. पुढे एका मोठ्या विद्वानाने, ज्याचं नाव आपल्याच गावाशी जोडलं जातं, त्याला फटकारलं. पृथ्वी फिरत असती तर उंच वस्तू पडत का नाहीत?

“इथवर सगळं ठीक आहे,” सुलभा म्हणाली. “विद्वानांनी भांडावंच. युरोपातल्या त्या म्हाताऱ्याला गुडघ्यावर बसवून माफी वदवली, ते आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. आपल्याकडे तसं करत नाहीत. आपण सभ्य. आपण माफी मागायला लावत नाही, आपण माणसाचं वाक्यच बदलतो.”

लोक हसले. मी हसलो की नाही, आठवत नाही.

“त्याच्या ग्रंथावर ज्यांनी भाष्यं लिहिली, त्यांतल्या काहींनी त्याच्या ओळीतली 'पृथ्वी' काढली आणि तिथे 'तारे' घातले. झालं. तो कधी तसं म्हणालाच नव्हता. आणि हे करणारे त्याचे विरोधक नव्हते बरं का. विरोधकाने तर त्याचं वाक्य जसंच्या तसं दिलं आणि मग त्याच्यावर तुटून पडला. मूळ शब्द शोधायला आज त्याचाच उपयोग होतो. बदललं ते त्याला मानणाऱ्यांनी. त्यांना वाटलं, एवढा मोठा माणूस असलं वेड्यासारखं कसं लिहील? त्याची लाज राखायला त्यांनी तसं केलं.” ती पाणी प्यायली. “शत्रूच्या हाती माणूस निदान सही-सलामत राहतो.”

वकीलसाहेबांनी तिचं वाक्य जसंच्या तसं कापून आणलं होतं. ते कात्रण अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, 'शहर' या शब्दाखाली लाल शाईची रेघ असलेलं. त्यात एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

घरी येताना टावर चौकात तिने ज्यूस प्यायला. म्हणाली, “बरं झालं का?” मी म्हटलं, “छान झालं. शेवट जरा लांबला.” हेही मी बोललो.

मी तिला वाचवलं, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. कशापासून? तिने वाचवायला सांगितलं होतं का? ती घरी दहावीच्या शिकवण्या घेऊ लागली — फक्त गणिताच्या. मुलांनी ग्रहणाबद्दल विचारलं तर म्हणायची, “मोबाइल पे देख लो, सब लिखा रहता है।” जूनमध्ये पोह्यांच्या वेळी ती आता काही विचारत नसे. एकदा मीच म्हणालो, “आज एकवीस आहे.” ती म्हणाली, “माहितेय. लिहा तुम्ही. तुमचा नाइलाज असतो, मला कळतं ते.” तिला माझी कीव येत होती. त्यानंतर दर वर्षी त्या दिवशी मी सकाळचं खाणं बाहेरच उरकायला लागलो.

कितीदा सांगायचं ठरवलं? पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर एक चौकट सांगायची होती. गणपतीत त्या ज्यूसच्या दुकानासमोरचं वाक्य त्यात आलं. मग तिचा राजीनामा, आणि मधे अनिता मॅडम येऊन गेल्या. जितकं थांबलो तितकं सांगायचं वाढत गेलं, आणि जितकं वाढलं तितका मी थांबलो. एका खोलीत राहून, एका ताटातली चटणी वाढून घेत, ही गोष्ट रोज पुढे ढकलता येते. त्याला काही विशेष कष्ट पडत नाहीत. हेच त्यातलं वाईट.

स्तंभ उभा राहिला. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. या जूनमध्ये एका नव्या मुलाने बातमी दिली. मजकूर माझाच होता, मथळ्यासकट.

गेल्या महिन्यात सकाळी चहा घेताना सुलभाने पेपर माझ्यापुढे सरकवला. आमच्याकडे माणूस गेला की तिसऱ्या दिवशी उठावना असतो, लोक येऊन बसतात, त्याची सूचना पेपरात येते. फोटो अनिता चौहान यांचा होता. केस पूर्ण पांढरे झाले होते.

“आपण जाऊ,” मी म्हटलं.

सुलभाने फोटो आत राहील असा पेपर दुमडला. मग म्हणाली, “तुम्ही जाऊन या. मी नाही येणार.” कप उचलून ती आत गेली आणि आतूनच म्हणाली, “एकदा, नुसतं एकदा खरं सांगितलं असतं तिने, तर आले असते.”

मी एकटा गेलो. सतरंजीवर मागे बसलो. त्यांच्या मुलीने मला ओळखलं. हात जोडून विचारलं, “आंटी नहीं आईं?” मी म्हटलं, “तबीयत ठीक नहीं है।”

त्या दिवशी घरी आलो आणि हे लिहायला घेतलं. मराठीत, दिवाळी अंकासाठी. एकवीस जूनला, नऊ वर्षांपूर्वी, त्या शाळेच्या जिन्यात सूर्याचा गोल फुलीच्या दक्षिणेने गेला. ओळंबा स्थिर होता. फुली बरोबर जागी होती. प्रयोगात त्रुटी नव्हती. सुलभाने खेद व्यक्त केला नव्हता. अनिता चौहान यांनी कुठलीही विज्ञप्ती पाठवली नव्हती. त्या खरं बोलल्या होत्या, पहिल्याच दिवशी.

हा अंक आमच्या घरी दर वर्षी पोस्टाने येतो. पाकीट सुलभा फोडते.